कोरलमध्ये डावा हात कामाला लावा: नवीन डिझायनरसाठी शॉर्टकटची सुरुवात

फ्लेक्सच्या दुकानात नवीन पोरगं कामाला लागलं की पहिल्या आठवड्यात मी त्याच्या स्क्रीनकडे बघतच नाही, त्याचा डावा हात कुठे आहे ते बघतो. बहुतेक वेळा तो हनुवटीखाली नाहीतर मोबाईलवर असतो आणि सगळं काम उजव्या हातातला माउस करतो, मेनू उघड, खाली जा, बाजूला जा, क्लिक, परत मेनू. काम होतं, नाही असं नाही, पण लग्नसराईत संध्याकाळी सहाला गिऱ्हाईक समोर खुर्ची ओढून बसलेलं असतं आणि मालक मागे उभे, तेव्हा हा मेनूचा प्रवास फार लांब वाटायला लागतो.

हा लेख अशा नवीन लोकांसाठी. उदाहरणं सगळी कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरची घेतोय कारण आपल्याकडे पत्रिका, फ्लेक्स, व्हिजिटिंग कार्ड, बिलबुक सगळं त्यातच चालतं, शेवटी फोटोशॉपचं थोडं सांगतो. आणि एक आधीच सांगून टाकतो, नेटवर जे दोनशे शॉर्टकटचे तक्ते मिळतात ना, ते डाउनलोड करून भिंतीला चिकटवू नका, मी चिकटवला होता, वर्षभर होता, त्यावरचे दहासुद्धा पाठ झाले नाहीत. पाठ झाले ते हाताला रोज लागणारे.

आधी लॅपटॉपवाल्यांसाठी

कोरलमध्ये वरची एफवाली बटणं खूप लागतात. लॅपटॉपवर एफ२, एफ३ दाबलं की आवाज नाहीतर ब्राइटनेस कमीजास्त होतो आणि पोरं म्हणतात शॉर्टकट चालत नाही. शॉर्टकट चालतो, तुमच्या लॅपटॉपवर एफएन बटणाचा नियम उलटा आहे एवढंच. बऱ्याच लॅपटॉपवर एफएन धरून एस्केप दाबलं की एफ बटणं सरळ होतात, नाही झाली तर बायोसमध्ये, म्हणजे मशीन चालू होतानाच्या सेटिंगच्या स्क्रीनवर, ते बदलता येतं. हे पहिल्या दिवशीच करून घ्या. दुसरं म्हणजे उजवीकडचं आकड्यांचं पॅड नसेल तर साधा यूएसबी कीबोर्ड घ्या, तिथलं अधिकचं बटण कोरलमध्ये सोन्यासारखं आहे, सिलेक्ट केलेल्या वस्तूची कॉपी तिथल्या तिथे बरोबर वर पडते.

पहिले चार दिवस फक्त हे

स्पेसबार. कुठल्याही टूलमध्ये असाल तर स्पेस दाबलं की पिक टूल म्हणजे तो काळा बाण येतो, परत दाबलं की आधीचं टूल. फक्त टेक्स्ट टूलने अक्षरं टाईप करत असाल तर अर्थातच स्पेसच पडणार, तेव्हा माउसने पिक टूलवर क्लिक करा. हा घोळ सगळ्यांचा होतो, नाव टाईप केलं, मध्यभागी घ्यायला पी दाबलं आणि नावापुढे एक अक्षर चिकटलं. पत्रिका छापून आल्यावर ते दिसतं.

एफ२ दाबून चौकोन ओढला की तेवढा भाग मोठा दिसतो आणि टूल आपोआप परत मिळतं. एफ३ ने लांब जाता येतं. एफ४ ने फाइलमधल्या सगळ्या वस्तू स्क्रीनवर मावतात, शिफ्ट एफ४ ने फक्त पान. एफ४ दाबल्यावर पान एकदम मोहरीएवढं दिसलं तर समजायचं की कुठेतरी लांब कोपऱ्यात एखादी वस्तू पडलीय, बहुतेक वेळा जुन्या फाइलमधून कॉपी करताना आलेला कोणाचा तरी फोटो असतो. प्रिंटला द्यायच्या आधी एकदा एफ४ मारायचं ही सवय त्यासाठीच.

मग अलाइनमेंट, आणि इथे कोरल खरंच भारी आहे कारण नुसत्या एका अक्षरावर काम होतं. पी म्हणजे पानाच्या मध्यभागी. सी म्हणजे वस्तू एकाखाली एक, मधोमध उभ्या रेषेत. ई म्हणजे आडव्या रेषेत शेजारी शेजारी. एल, आर, टी, बी डावी उजवी वरची खालची कड. शिफ्ट धरून एकेक वस्तू निवडत असाल तर जी सगळ्यात शेवटी निवडली ती जागेवर राहते आणि बाकीच्या तिच्याकडे येतात, हे ज्याला कळलं त्याचं अर्धं काम सोपं झालं. पत्रिकेवर वर गणपती, खाली श्री गणेशाय नमः, खाली चि. आणि चि. सौ. कां., सगळं निवडायचं, शेवटी बॉर्डरवर शिफ्ट क्लिक करायचं आणि सी. झालं. डोळ्याच्या अंदाजाने सरकवत बसलेली पोरं मी अजून बघतो आणि वाईट वाटतं.

कंट्रोल जी ग्रुप, कंट्रोल यू अनग्रुप. शिफ्ट पेजअप सगळ्यांच्या वर, शिफ्ट पेजडाउन सगळ्यांच्या खाली, कंट्रोलबरोबर दाबलं तर एकेक पायरी. मागे दडलेली वस्तू निवडायची असेल तर ऑल्ट धरून क्लिक. बाणाच्या बटणांनी वस्तू थोडी सरकते, शिफ्ट धरून जास्त, कंट्रोल धरून अगदी केसभर. एवढं चार दिवस करा, पाचव्या दिवशी पुढे.

कार्ड लावायचा खेळ

हे मी प्रत्येकाला हाताला धरून शिकवतो कारण एकदा जमलं की पोरगं स्वतःच शॉर्टकट शोधायला लागतं. बारा बाय अठराच्या शीटवर साडेतीन बाय दोन इंचाची व्हिजिटिंग कार्डं लावायचीत, आडवी तीन, खाली आठ, एकूण २४.

कार्ड पूर्ण निवडून कंट्रोल जी. आता ते माउसने उजवीकडे ओढा, ओढताना कंट्रोल धरून ठेवा म्हणजे रेष सोडणार नाही, जागेवर आलं की डावं बटण सोडायच्या आधी उजवं बटण टिचकी मारल्यासारखं दाबा आणि मग डावं सोडा. मूळ कार्ड तिथेच राहतं आणि कॉपी इकडे पडते. कंट्रोल आर दाबा, तेवढ्याच अंतरावर तिसरं. तिन्ही निवडा, तसंच खाली ओढून उजवी टिचकी, दुसरी ओळ तयार. आता कंट्रोल आर सहा वेळा. आठ ओळी. सगळं मिळून अर्धा मिनिट पण लागत नाही, आणि गिऱ्हाईक समोर असेल तर त्याला जादू वाटते आणि तो भावात घासाघीस जरा कमी करतो, हा माझा अनुभव, गॅरंटी नाही.

सावध राहायचे दोन शॉर्टकट

पहिला कंट्रोल वाय. वर्डमध्ये, एक्सेलमध्ये कंट्रोल झेडने मागे आणि कंट्रोल वायने पुढे अशी सवय असते. कोरलमध्ये रीडू आहे कंट्रोल शिफ्ट झेड, आणि कंट्रोल वाय दाबलं की स्नॅप टू ग्रिड चालू होतं. लगेच काही कळत नाही. पाच मिनिटांनी आवाज येतो, दादा, हे सरकतच नाय बघा, उड्या मारतंय. वस्तू हवी तिथे न थांबता ठराविक ठिकाणी चिकटते, पोरगं माउस बदलतं, यूएसबी काढून परत लावतं, एकाने तर मशीन रिस्टार्ट केलेलं. परत कंट्रोल वाय दाबा, बंद होतं, बास.

दुसरा कंट्रोल क्यू, कन्व्हर्ट टू कर्व्हज. हा यायलाच पाहिजे. आपले जुने मराठी फॉन्ट युनिकोड नसतात, त्यात मराठी आकार इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेले असतात, त्यामुळे ज्या मशीनवर तो फॉन्ट नाही तिथे फाइल उघडली की ‘शुभविवाह’च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसतो. म्हणून प्लांटला, म्हणजे छपाई होते तिथे, फाइल देताना सगळं निवडून कंट्रोल क्यू, अक्षरांचे आकार होतात, मग फॉन्ट असो नसो. टेक्स्ट पॉवरक्लिपच्या, म्हणजे एखाद्या गोलात किंवा चौकोनात बसवलेल्या वस्तूच्या, आत असेल तर आत जाऊन ते पण कर्व्ह झालंय का बघा.

पण कर्व्ह झालं की ते अक्षर राहत नाही, चित्र होतं, टाईप करून बदलता येत नाही. माझ्या पहिल्याच सीझनला मी कर्व्ह केलेली पत्रिका मूळ फाइलवरच सेव्ह केली आणि बंद करून घरी गेलो. सकाळी मुलीच्या मामांचा फोन, निमंत्रकांमध्ये दोन नावं राहिलीत आणि एकाचं आडनाव चुकलंय. आमच्या येथे श्रीकृपेकरून पासून खाली सगळी पत्रिका परत टाईप करत बसलो. तेव्हापासून क्रम ठरलेला आहे, आधी कंट्रोल शिफ्ट एस, नावाच्या शेवटी कर्व्ह असं लिहायचं, नवीन नावाने सेव्ह झालंय हे वर टायटलमध्ये बघायचं, आणि मगच कंट्रोल क्यू. उलट क्रमाने कधीच नाही, घाईत तर मुळीच नाही.

आता स्वतःचा शॉर्टकट बनवायचा

इथपर्यंत जे सांगितलं ते कंपनीने दिलेलं. खरी मजा पुढे आहे पण घाई करू नका, आधी दोन दिवस शेजारी कागद ठेवा आणि ज्या ज्या वेळी मेनू उघडून तीच गोष्ट परत कराल त्या वेळी एक रेघ मारा. ज्याच्यापुढे रेघांचं कुंपण झालं ती कमांड शॉर्टकटला लायक. ज्याच्यापुढे दोन रेघा आहेत ती मेनूतच राहू द्या.

माझ्या कागदावर पॉवरक्लिप जिंकलं होतं. वाढदिवसाचा फ्लेक्स डोळ्यासमोर आणा, मध्ये भावी नगरसेवकांचा मोठा फोटो, वर नेत्यांचे, आणि खाली शुभेच्छुकांचे गोल, कमीत कमी वीस, मंडळ मोठं असेल तर चाळीस. प्रत्येक फोटो गोलात टाकायचा म्हणजे ऑब्जेक्ट मेनू, त्यात पॉवरक्लिप, त्यात प्लेस इनसाइड फ्रेम, मग जाडा बाण येतो तो गोलावर क्लिक. जुन्या व्हर्जनमध्ये हेच इफेक्ट्स मेनूत, प्लेस इनसाइड कंटेनर नावाने. चाळीस फोटो म्हणजे चाळीस वेळा ती मेनूची वारी, आणि एकाचा फोटो राहिला तर तो दुसऱ्या दिवशी दुकानात येणार हे नक्की.

तर पद्धत अशी. टूल्स मेनूत ऑप्शन्स, त्यात कस्टमायझेशन, त्यात कमांड्स. जुन्या व्हर्जनमध्ये ऑप्शन्स उघडलं की वर्कस्पेसच्या खाली कस्टमायझेशन असतं, बाकी सगळं तेच. वर कॅटेगरीची यादी आहे, तिथे मेनूची नावं दिसतील, तुमची कमांड ज्या मेनूत आहे तो निवडा, सापडत नसेल तर दुर्बिणीचं चित्र आहे, त्यावर क्लिक करून नाव टाईप करा. कमांडवर क्लिक केलं की उजवीकडे शॉर्टकट कीज नावाचा टॅब. तिथे वरच्या टेबलमध्ये मेन आहे का बघा, टेक्स्ट एडिटिंगचं टेबल वेगळं असतं, चुकून त्यात टाकलं तर शॉर्टकट फक्त टाईप करताना चालेल आणि तुम्ही डोकं खाजवत बसाल. मग न्यू शॉर्टकट कीच्या रिकाम्या चौकोनात क्लिक करा आणि बटण नुसतं दाबा, स्पेलिंग टाईप करू नका, हो, लोक करतात, कंट्रोल शब्द टाईप करतात.

दाबलं की तिथेच करंटली असाइन्ड टू मध्ये कळतं की हे बटण आधी कोणाच्या नावावर आहे का. रिकामं असेल तर असाइन आणि ओके. कोणाचं तरी नाव दिसलं तर थांबा आणि विचार करा, तुम्ही असाइन केलं तर ते बटण त्याच्याकडून काढून तुमच्या कमांडला मिळतं, आणि ज्याचं गेलं तो शॉर्टकट तुम्हाला महिन्याभराने आठवेल. माझ्याकडे डब्ल्यू रिकामं होतं, ते मी प्लेस इनसाइडला दिलं. आता फोटो निवडायचा, डाव्या हाताने डब्ल्यू, उजव्याने गोलावर क्लिक, पुढचा फोटो. हात एका लयीत चालतो, भाकरी थापतात तसा.

बटण निवडताना माझे नियम साधे आहेत. डावा हात कीबोर्डच्या डाव्या अर्ध्यातून हलता कामा नये, कारण उजवा माउसवर आहे. झेड, एक्स, सी, व्ही एकमेकांशेजारी आहेत ते उगीच नाहीत, १९८३ मध्ये ॲपलच्या लिसा कॉम्प्युटरवर अनडू, कट, कॉपी, पेस्टला ही खालच्या ओळीतली सलग चार बटणं दिली होती आणि आपण आजही तीच दाबतोय. दुसरा नियम, तीन बोटांचा शॉर्टकट फक्त दिवसातून एकदोनदा लागणाऱ्या कामाला, चाळीस वेळा लागणाऱ्याला एकच बटण. तिसरा, जे बदलून नुकसान होऊ शकतं, म्हणजे डिलीट, कर्व्ह, ते एका बटणावर ठेवायचं नाही, चहाचा कप उचलताना कोपर लागतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं माझं मत, शक्यतो रिकामी बटणंच वापरा, कंपनीचे डिफॉल्ट हलवू नका. आज ना उद्या दुसऱ्या दुकानात, प्लांटवर, मित्राच्या मशीनवर बसावं लागतंच, तिथे तुमचं काहीच नसतं. कोणी म्हणेल मग बदलायचंच कशाला, तर बाबा चाळीस शुभेच्छुकांसाठी.

मराठी कीबोर्डचं भूत

हे इंग्रजी ट्युटोरियलमध्ये सापडणार नाही कारण त्यांना हा त्रासच नाही. आपल्या मशीनवर इंग्रजी आणि मराठी दोन भाषा असतात. विंडोजमध्ये डाव्या बाजूचं ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबलं की भाषा बदलते. आता ऑक्टोबर २०१८ च्या आधीच्या फोटोशॉपमध्ये मध्यापासून प्रमाणात मोठं करताना शिफ्ट आणि ऑल्टच धरायचे, आणि ती सवय अजून अनेकांच्या हातात आहे. म्हणजे तुम्ही फोटो मोठा केला आणि तुमच्या नकळत भाषा मराठी झाली. पुढे ब्रशसाठी बी दाबता आणि काहीच होत नाही, किंवा होतं, ते सॉफ्टवेअरवर अवलंबून आहे, एका अक्षराचे शॉर्टकट अशा वेळी कुठे चालतात आणि कुठे मुके होतात. टेक्स्ट टूल घेऊन बी दाबलं आणि व उमटला की चोर सापडला, इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डच्या मांडणीत बीवर व असतो.

बंद करायचं असं: विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, टायपिंग, ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज, त्यात इनपुट लँग्वेज हॉट कीज. विंडोज १० मध्ये टायपिंग हे डिव्हायसेसच्या खाली आहे. एक जुन्या पद्धतीची छोटी खिडकी उघडेल, पहिली ओळ निवडून चेंज की सिक्वेन्स, आणि दोन्ही बाजूंना नॉट असाइन्ड. ओके. यानंतर भाषा बदलायला विंडोज बटण आणि स्पेस, ते चुकून दाबलं जात नाही. दोन्ही बाजूंना म्हणतोय कारण दुसऱ्या बाजूला कंट्रोल शिफ्ट असू शकतं, आणि कोरलमध्ये मध्यापासून गोल काढताना तेच दोन धरतात.

फोटोशॉपचं थोडक्यात

एडिट मेनूत अगदी खाली कीबोर्ड शॉर्टकट्स, नाहीतर ऑल्ट शिफ्ट कंट्रोल के. मेनूच्या कमांडला शॉर्टकट देताना कंट्रोल किंवा एफचं बटण लागतंच, नुसतं अक्षर चालत नाही, नुसती अक्षरं टूल्ससाठी. आधीच घेतलेलं बटण दिलं तर पिवळा त्रिकोण येऊन सांगतो की हे अमक्याकडून काढलं जाईल, तो वाचा. समराइज बटणाने सगळ्या शॉर्टकटची यादी फाइलमध्ये मिळते. आणि जुन्या लोकांच्या हाताखाली शिकत असाल तर एक गोंधळ होणार, ऑक्टोबर २०१८ ला आलेल्या सीसी २०१९ व्हर्जनच्या आधी तिथे कंट्रोल झेड एकच पाऊल मागे जायचं आणि परत दाबलं की पुढे यायचं, अनेक पावलं मागे जायला कंट्रोल ऑल्ट झेड लागायचं. आता साधं कंट्रोल झेडच मागे मागे जातं. उस्तादांना जुनंच हवं असेल तर त्याच खिडकीत लेगसी अनडूची टिक आहे.

बॅकअप

शॉर्टकट जमून महिना झाला की ते जपा, कारण विंडोज कधी नव्याने टाकावी लागेल सांगता येत नाही. कोरलच्या नवीन व्हर्जनमध्ये विंडो मेनूत वर्कस्पेस, म्हणजे तुमची मेनू, टूलबार आणि शॉर्टकटची मांडणी, त्यात एक्स्पोर्ट. जी फाइल तयार होईल ती स्वतःलाच व्हॉट्सॲप करून ठेवा, पेनड्राइव्ह हरवतात. नवीन मशीनवर तिथूनच इम्पोर्ट. आणि प्रयोग करताना सगळंच बिघडलं, टूलबार गायब, मेनू कुठेतरी, तर कोरल बंद करा आणि परत चालू होताना एफ८ धरून ठेवा, विचारेल, हो म्हणा, वर्कस्पेस कंपनीहून आल्यासारखं होईल. तुमचे शॉर्टकट पण जातील, म्हणून एक्स्पोर्ट आधी.

एफ८ धरतानाही लॅपटॉपवाल्यांनी एफएनचं वर सांगितलेलं बघावं, नाहीतर कोरल तसंच उघडतं.